फिरती बिऱ्हाडे आणि त्यांची संमेलने : मढी यात्रेच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

घर बरोबर घेऊन प्रवास करणाऱ्या हौशी लोकांचे क्लब आणि त्या क्लबांचे मेळावे यांची परंपरा इंग्लंडसारख्या देशात शंभर वर्षांहून जुनी आहे. भारतात ही कल्पना अलीकडे रुजू लागली आहे. केंद्र शासनाच्या पर्यटन मंत्रालयाने २००९ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाविषयी धोरण आखले, तर महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र धोरण जाहीर केले. या घडामोडींकडे नवे पर्यटन म्हणून पाहिले जाते. परंतु बिऱ्हाड पाठीवर घेऊन वर्षभर फिरावयाचे आणि ठरलेल्या तिथीस ठरलेल्या ठिकाणी आपल्या लोकांत जाऊन मिसळावयाचे, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात असलेल्या मढी येथील कानिफनाथांची यात्रा हे तिचे ठळक उदाहरण होय. फिरत्या समाजांच्या जीवनात अशा संमेलनाचे कार्य काय होते, त्यात सामील होण्याचा अर्थ काय होता आणि राज्यसंस्थेने या एकत्र येण्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मढी : स्थळ आणि काळ

मढी हे गाव गर्भगिरीच्या डोंगररांगेत वसले आहे. नवनाथांपैकी कानिफनाथ यांची समाधी येथील गडावर असून मत्स्येंद्रनाथांचे मायंबा हे स्थानही याच परिसरात आहे. छत्रपती शाहू महाराजांची मोगलांच्या कैदेतून सुटका व्हावी म्हणून येसूबाईंनी येथे नवस केला होता व त्याच्या पूर्तीसाठी गडाचे बांधकाम झाले, अशी स्थानिक परंपरा आहे. बांधकामाचे दगड वाहण्यास अनेक भटक्या जातींनी हात लावला, अशीही श्रद्धा असून यात्रेतील मानपानाचे समर्थन तिच्याच आधारे केले जाते. १८८४ च्या अहमदनगर जिल्हा गॅझेटियरमध्ये हे देवस्थान कान्होबा आणि शाह रमजान माही सवार या दोन्ही नावांनी नोंदले गेले आहे. हिंदू व मुसलमान या दोहोंचा तेथील वावर त्यावरून दिसून येतो.

यात्रेचा काळ होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत असतो आणि रंगपंचमी हा मुख्य दिवस मानला जातो. या काळाची निवड केवळ धार्मिक नाही. फाल्गुनात रब्बीची सुगी उरकत आलेली असते. गावोगावच्या खळ्यांवरून फिरस्त्यांना धान्य मिळालेले असते, शिवार मोकळे झाल्याने पाल ठोकण्यास जागा असते आणि पावसाळ्यास अवकाश असल्याने वाटा कोरड्या असतात. गावगाड्याच्या आर्थिक वर्षातील विसाव्याचा काळ आणि फिरत्या समाजांच्या भेटीचा काळ यांचा येथे मेळ बसतो.

संमेलनाचे कार्य

गोपाळ, कैकाडी, वैदू, बेलदार, घिसाडी, जोशी, भराडी असे अनेक समाज या यात्रेशी जोडलेले आहेत. कैकाडी टोपल्या विणत, वैदू जडीबुटी विकत, गोपाळ कसरतीचे खेळ करीत, बेलदार दगड घडवीत. घिसाड्याची बैलगाडी हे त्याचे घरही होते आणि कारखानाही होता. यांपैकी कोणाचाही व्यवसाय एका गावावर चालणारा नव्हता. गावाची गरज भागली की पुढे जावे लागे आणि एकाच जातीची अनेक कुटुंबे एका वाटेने गेल्यास कोणाचेच पोट भरत नसे. विखुरणे ही उपजीविकेची अट होती. म्हणूनच एकत्र येणे ही समाज म्हणून टिकून राहण्याची अट ठरली.

स्थायिक गावात जी कामे वर्षभर सावकाश होतात ती येथे पंधरवड्यात उरकावी लागत. सोयरिकी जुळवणे, कोण वारले व कोण जन्मले याची वार्ता देणे, कोणत्या भागात काम मिळते याची माहिती घेणे, उसनवार फेडणे, नवस फेडणे आणि तंटे मिटवणे ही सर्व कामे यात्रेतच होत. मढीचा गाढवांचा बाजार याच गरजेतून उभा राहिला. माती, दगड व बिऱ्हाड वाहून नेणाऱ्यांना गाढव हेच वाहन होते. पौष पौर्णिमेस जेजुरी येथे असाच बाजार भरतो, तर मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार असतो. भटक्यांना गाव नव्हते, परंतु यात्रांचे असे एक पंचांग होते आणि तेच त्यांच्या भ्रमंतीला आकार देत होते.

यात्रेत मानाचीही वाटणी आहे. गोपाळ समाजाची होळी, निरनिराळ्या समाजांच्या मानाच्या काठ्या कळसाला टेकवणे या प्रथांमुळे प्रत्येक समाजाला स्वतःचे असे स्थान मिळते. एरवी गावाच्या वेशीबाहेर उतरणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा मानकरी होता येते, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लहान नव्हे.

या संमेलनाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मढी हे भटक्यांच्या जातपंचायतींचे प्रमुख केंद्र होते. विवाह, काडीमोड, व्यभिचाराचा आरोप, देण्याघेण्याचे वाद अशा बाबींवर पंच निवाडा देत, दंड करीत, प्रसंगी दिव्य करावयास लावीत. ज्याने दंड भरला नाही त्यास वाळीत टाकले जाई. गाव नसलेल्या माणसाला जातीबाहेर टाकणे म्हणजे त्याचे सर्व आधार एकदम काढून घेणे होते, आणि या शिक्षेचा अधिक भार स्त्रियांवर पडे. क्लबाचा सभासद वर्गणी भरून मेळाव्यास जातो, मन रमले नाही तर सभासदत्व सोडतो. मढीस येणाऱ्याला असा पर्याय नव्हता. तेथे सामील होणे हाच त्याच्या जातीत असण्याचा पुरावा होता. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनात कैकाडी समाजातील जातपंचायतीच्या सत्तेचे आतून दर्शन घडते. रामनाथ चव्हाण यांनी भटक्या-विमुक्तांच्या जातपंचायतींवर केलेले अनेक खंडांचे लेखन या विषयाच्या अभ्यासास उपयुक्त आहे.

हौशी प्रवासी, भटके आणि कायदा

राज्यसंस्थेची दृष्टी समजून घेण्यासाठी इंग्लंडचे उदाहरण उद्बोधक आहे. नौदलातील निवृत्त डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढावयाची राहती गाडी बांधवून घेतली आणि तीतून दूरचा प्रवास केला. जिप्सी लोकांच्या फिरत्या गाडीचे हे उच्चभ्रू रूप होते. १९०७ मध्ये कॅराव्हॅन क्लबाची स्थापना झाली. हौशी लोकांनी भटक्यांची राहणी उचलली, परंतु भटक्यांची प्रतिष्ठा त्यामुळे वाढली नाही. १९६० च्या ब्रिटिश कायद्याने राहत्या गाड्या उभ्या करण्यासाठी परवाना आवश्यक केला. मात्र मान्यताप्राप्त संघटनांना त्यातून सूट मिळाली. अशा संघटनेने आपल्या सभासदांसाठी भरवलेला पाच दिवसांपर्यंतचा मेळावा परवान्याविना चालू शकत असे. जिप्सींच्या परंपरागत थांब्यांवर मात्र याच कायद्याने गदा आली. १९६८ मध्ये स्थानिक संस्थांवर त्यांच्यासाठी जागा उपलब्ध करण्याची जबाबदारी टाकण्यात आली व १९९४ मध्ये ती काढून घेण्यात आली.

भारतात हा भेद अधिक कठोर होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाज जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था देशभर नेण्याचा मार्ग खुला केला. नोंद झालेल्या व्यक्तीस हजेरी देणे भाग होते व नेमलेल्या हद्दीबाहेर जाण्यास परवाना लागे. सोलापूर येथे तारेच्या कुंपणातील वसाहत उभी राहिली व तेथील लोकांना गिरणीकामास लावण्यात आले. ज्यांच्यावर ही बंधने होती त्यांना यात्रेस जाण्यासाठीही सरकारी परवानगी आवश्यक ठरली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. परंतु १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला आणि पोलिसांच्या मनातील संशय पुढेही टिकून राहिला. गावाबाहेर पाल दिसले की चौकशी व्हावयाची, हा अनुभव भटक्या समाजांच्या आत्मकथनांत वारंवार येतो.

जातपंचायतीनंतरची यात्रा

वाळीत टाकण्याच्या प्रथेस आळा घालण्याचा पहिला प्रयत्न मुंबई राज्याने १९४९ च्या कायद्याद्वारे केला. दाऊदी बोहरा समाजाशी संबंधित खटल्यात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ राज्यात यासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. २०१३ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली. २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला आणि तो जुलै २०१७ पासून अंमलात आला.

पंचांची सत्ता ओसरत असतानाही यात्रा भरतेच. टेम्पो व ट्रॅक्टर आल्याने गाढवांची गरज घटली, निरोप दूरध्वनीवरून जाऊ लागले, अनेक कुटुंबे स्थायिक झाली. संमेलनाची व्यावहारिक कारणे अशी एकेक गळून पडत आहेत. त्याचबरोबर यात्रेत कोणी यावे हा प्रश्नही नव्याने उभा राहिला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेने मुस्लिम व्यापाऱ्यांना यात्रेत दुकाने लावण्यास मनाई करणारा ठराव केला व तो वादग्रस्त ठरला. १८८४ च्या गॅझेटियरमधील नोंद आणि हा ठराव शेजारी ठेवून पाहिल्यास संमेलनाच्या सीमा काळानुसार कशा बदलतात, हे ध्यानात येते.

निष्कर्ष

१. फिरत्या समाजांत संमेलन हा जीवनक्रमाचा स्थिर बिंदू असतो. स्थायिक समाजात जे कार्य गाव करतो ते भटक्यांसाठी यात्रा करीत आली.

२. अशा संमेलनातील आपलेपणा आणि बहिष्काराचे भय ही एकाच संस्थेची दोन रूपे होती. बहिष्काराचा निषेध करताना आपलेपणाची गरज दुसऱ्या कोणत्या संस्थेने भागवावयाची, याचे उत्तर कायद्यात मिळत नाही.

३. चाकांवरच्या घराला कायद्याने दिलेली वागणूक त्या घरातील माणसाच्या सामाजिक स्थानावर अवलंबून राहिली. हौशी प्रवाशाच्या मेळाव्याला सूट मिळाली, भटक्याच्या तळावर पहारा बसला.

४. महाराष्ट्रात कॅराव्हॅन पर्यटनासाठी तळ उभारले जात असताना, याच भूमीवर पिढ्यानपिढ्या पाल ठोकणाऱ्यांना निर्धास्तपणे उतरता येईल अशी जागा आहे काय, हा प्रश्न धोरणाच्या चर्चेत येणे आवश्यक आहे. मढीचा इतिहास या प्रश्नाला आधार पुरवतो. म्हणून यात्रेत आजही येणाऱ्या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या मौखिक आठवणी महाविद्यालयीन इतिहास विभागांनी वेळीच नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे.