काचेखालचे आणि काचेवरचे

कचेरीत किंवा बँकेत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना टेबलावरची काच म्हणजे काय हे सांगायला नको. काच ही टेबलाच्या रक्षणासाठी असते असे म्हणतात, पण ते काही खरे नाही. काच असते ती तिच्याखाली काहीतरी सरकवण्यासाठी. एका कोपऱ्यात शेगावचे गजाननमहाराज, दुसऱ्या कोपऱ्यात मुलीचा बालवाडीतला फोटो, मध्ये सुट्ट्यांची यादी, एलआयसीच्या एजंटाने दिलेले कॅलेंडर आणि एखादा फोन नंबर, ज्याच्यापुढे नाव लिहायचे राहून गेलेले असते. टेबल बँकेचे, खुर्ची बँकेची, पंख्याचा वारा मॅनेजरच्या दिशेचा. काचेखालचे चार चौरस फूट तेवढे आपले. बदलीचा हुकूम आला की माणूस आधी काच उचलतो आणि मग डोळे पुसतो.

हे सांगायचे कारण असे, की कॉम्प्युटरच्या पडद्याला आज सगळे जग 'डेस्कटॉप' म्हणते. म्हणजे टेबलाचा वरचा भाग. आणि हे टेबल कुणा शास्त्रज्ञाचे किंवा सेनापतीचे नाही, तुमच्या-माझ्यासारख्या कारकुनाचे आहे! मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध दहावीला ज्या मार्कांनी संपला ते मार्क सांगण्यासारखे नाहीत. पण ज्या इतिहासात आपल्याच जमातीचा माणूस नायक आहे, तो वाचायला कंटाळा कसा येईल?

तर मंडळी, हा उद्योग ज्या कंपनीने केला तिचे नाव झेरॉक्स. हो, तीच. आपण तिचे नाव थेट कॉपीला देऊन टाकले. 'आधारकार्डाची झेरॉक्स आणा' असे मी दिवसातून वीस वेळा म्हणतो. या कंपनीने कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एक संशोधन केंद्र काढले होते, आणि तिथे १९७३ साली 'आल्टो' नावाचे यंत्र तयार झाले. त्याला पडदा होता, माऊस होता. प्रश्न असा होता की पडद्यावर दाखवायचे काय? तिथल्या टिम मॉट नावाच्या गृहस्थाला याचे उत्तर एका रात्री सुचले. बारमध्ये मित्राची वाट बघत बसला असताना त्याने कागदी रुमालावर चित्रे काढली : कागद, फाइलींचे कपाट, छपाईचे यंत्र, कचऱ्याची टोपली. कागद उचलायचा आणि कपाटात टाकायचा, नको असेल तर टोपलीत. म्हणजे जे आपण रोज दहा ते पाच करतो तेच. मित्र उशिरा आला म्हणून जगाचे किती भले झाले बघा. आमच्याकडे मित्राची वाट बघताना माणसे रुमालावर उधारीचा हिशेब करतात.

याच कल्पनेतून १९८१ साली झेरॉक्सचा 'स्टार' बाजारात आला. करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ठरवली होती : वापरणाऱ्या माणसाला कॉम्प्युटरमध्ये काडीचा रस नाही, त्याला हातातले काम संपवायचे आहे. आमच्या स्टाफचे इतके अचूक वर्णन आजवर एकाही युनियनला जमले नाही. पडद्यावर टेबल, त्यावर आलेल्या आणि जाणाऱ्या टपालाचे ट्रे, फोल्डर, कपाटे, सगळे होते. किंमत होती एका यंत्राला १६,५९५ डॉलर. तेवढ्यात अख्खी कचेरी, कारकुनासकट आली असती. स्टार काही चालला नाही. मात्र १९७९ च्या डिसेंबरात स्टीव्ह जॉब्ज पालो आल्टोला जाऊन आल्टो डोळे भरून बघून आला होता. त्याच्या अ‍ॅपल कंपनीने १९८३ मध्ये 'लिसा' आणि १९८४ च्या जानेवारीत 'मॅकिन्टॉश' काढला. ज्या कंपनीचे नाव आपण कॉपीला दिले, तिची कॉपी अशी साऱ्या जगाने केली. याला म्हणतात न्याय.

पण झेरॉक्सवाल्यांनी टेबल उतरवून घेतले आणि काच विसरले. ती काच बसवली मॅकिन्टॉशने. त्याचा पडदा काळापांढरा, वीतभर. त्यात 'कंट्रोल पॅनेल' नावाची एक चौकट होती आणि तिच्यात टेबलाच्या पृष्ठभागाची नक्षी स्वतः काढता येत असे. आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट घरांचा एक चौकोन. एकेका घरावर टिचकी मारून ते काळे नाहीतर पांढरे करायचे, की तीच नक्षी पडद्यावर पसरायची. आपल्या आजीने शंभर वर्षे हेच केले, फक्त तिच्याकडे ठिपक्यांचा कागद आणि रांगोळी होती. शिवाय वेग कमी-जास्त करण्यासाठी तिथे ससा आणि कासव काढलेले होते. अक्षर वाचता न येणाऱ्यालाही कळावे असे. ही चित्रे काढणाऱ्या सुझन केअर या बाईंनीच पुढे विंडोजमधल्या सॉलिटेअरचे पत्ते काढले, म्हणजे आमच्या खात्यावर त्यांचे उपकार दुहेरी आहेत.

या मॅकिन्टॉशची एक गोष्ट मला फार आवडते. ख्रिस एस्पिनोसा नावाचा एक तरुण त्यातला कॅल्क्युलेटर तयार करत होता. हिशेब वगैरे ठीक होते, पण पडद्यावर तो दिसावा कसा, हे जॉब्जला पटेना. एस्पिनोसाने चित्र दाखवले की जॉब्ज म्हणणार, मागचा रंग फार गडद आहे. दुसऱ्या दिवशी तो फिका करून न्यावा, तर रेघा जाड आहेत. रेघा बारीक कराव्यात, तर बटणे मोठी आहेत. ज्यांनी मॅनेजरला पत्राचा मसुदा दाखवला आहे त्यांना यापुढचे सांगायला नको. 'प्रस्तुत'च्या जागी 'सदर' करायचे आणि चौथ्या खेपेला 'सदर'च्या जागी 'प्रस्तुत'. आपण असतो तर रजा टाकली असती. एस्पिनोसाने वेगळेच केले. त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला, ज्यात रेघांची जाडी, बटणांचा आकार, मागचा रंग, सगळे ज्याचे त्याला बदलता येईल. आणि तो जॉब्जसमोर ठेवून म्हटले, घ्या, तुम्हीच करा. जॉब्ज बसला. दहाएक मिनिटे इकडचे तिकडे करत राहिला आणि शेवटी त्याला हवा तसा कॅल्क्युलेटर झाला. तोच मॅकिन्टॉशमध्ये गेला आणि पुढे पंधरा वर्षांहून अधिक काळ लोकांनी त्यावर हिशेब केले. माणसाला काय हवे ते त्याला शब्दांत सांगता येत नाही, पण चकत्या फिरवायला दिल्या तर दहा मिनिटांत सापडते. हे १९८२ च्या सुमारास अमेरिकेत कळले होते. आमच्या हेड ऑफिसला टपाल उशिरा पोचते.

आपल्याकडे त्या सुमारास काय चालले होते? बँकांत कॉम्प्युटर आणावा की आणू नये यावर घोषणा चालल्या होत्या. रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीचा अहवाल आला १९८४ साली, मॅकिन्टॉशच्याच वर्षी. मग शाखांत जी यंत्रे आली त्यांचे नाव होते 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. नीट बघा, नावात कुठेही कॉम्प्युटर नाही. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या बायका आपल्याकडे होत्याच. हा त्यातलाच प्रकार.

पुढे विंडोज आले आणि काचेखाली वाटेल ते सरकवायची लाट उसळली. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये वॉलपेपर होता. १९९२ च्या ३.१ मध्ये रंगांचे तयार संच होते, आणि त्यात एक होता भडक लाल आणि भडक पिवळा. त्याचे नाव 'हॉट डॉग स्टँड'. जगातला सगळ्यात भयानक रंगसंच म्हणून अमेरिकेतले लोक अजूनही त्याला हसतात. आपल्याकडे कुणी हसले नसते. आपण त्याला हळदीकुंकू म्हटले असते आणि शुक्रवारी मुद्दाम लावले असते.

त्याच काळात स्क्रीनसेव्हर आले. जुन्या पडद्यांवर एकच चित्र फार वेळ राहिले तर त्याचा कायमचा डाग पडायचा, म्हणून रिकाम्या वेळी काहीतरी हलते ठेवायचे. त्यातले गाजलेले म्हणजे १९८९ मध्ये आलेले 'आफ्टर डार्क', ज्यात पंख फुटलेले टोस्टर उडत जातात. टोस्टरच का, हे विचारू नये. आमच्या पहिल्या शाखेत पडद्यावर नळ फुटत जात, एकातून एक, एकातून एक, आणि त्या महिन्यात गावाला पाणी तीन दिवसांआड येत होते.

मायक्रोसॉफ्टला या यशाने इतका हुरूप आला, की १९९५ साली त्यांनी टेबल सोडून अख्खे घरच पडद्यावर मांडले. 'बॉब' हे त्याचे नाव. दिवाणखाना, शेगडी, घड्याळ, आणि मदतीला एक कुत्रा. खोली हवी तशी सजवा म्हणाले. लोकांनी वर्षभरात त्याला घराबाहेर काढले. माणसाला कचेरीच्या टेबलावर घरातला एक फोटो हवा असतो, घर नको असते. नाहीतर तो कचेरीत आला असता कशाला?

आणि मग ती हिरवी टेकडी. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर आलेली, निळ्या आकाशाखालची. मी बँकेत लागलो २००३ मध्ये, तेव्हा चारही काउंटरवर तीच होती. आमच्यात वाद असे. कोण म्हणे स्वित्झर्लंड, कोण म्हणे पाचगणी, आणि कॉम्प्युटरवर काढलेले खोटे चित्र आहे हे तर सगळ्यांनाच पटले होते. पण चित्र खरे निघाले. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात, १९९६ च्या जानेवारीत, चार्ल्स ओ'रिअर हा छायाचित्रकार आपल्या मैत्रिणीला भेटायला गाडीने चालला होता. पाऊस होऊन गेलेला. टेकडी दिसली, गाडी थांबवली, साध्या फिल्मवर फोटो काढला. मूळची ती टेकडी द्राक्षमळ्याची. कीड पडून वेली उपटाव्या लागल्या म्हणून तिथे तेवढ्यापुरते गवत होते. ज्या हिरवाईकडे बघून आम्ही कॅश टॅली केली, ती कुणा शेतकऱ्याचे पीक गेल्यामुळे होती. नाशिककडच्या वाचकांना हे जास्त लवकर कळेल.

मराठी माणसाची स्वतःची वस्तूही याच सुमारास काचेखाली गेली. विंडोज २००० पासून फोल्डरला देवनागरीत नाव देता येऊ लागले, आणि ती अक्षरे ज्या 'मंगल' फाँटमध्ये दिसत, तो घडवला होता कोल्हापूरला जन्मलेले आणि मुंबईत अक्षरांची तपश्चर्या केलेले र. कृ. जोशी यांनी. माझ्या पडद्यावर 'किरकोळ' नावाचे एक फोल्डर होते. त्यात काय होते ते सांगत नाही, पण 'मिसलेनियस' असे नाव दिले असते तर ते इतके माझे वाटले नसते.

करणाऱ्यांना मात्र मधूनमधून वाटते, की आता लोकांचे टेबल आपण नीट लावून द्यावे. २०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि 'स्टार्ट'चे बटणच नाहीसे! सतरा वर्षे डाव्या हाताला खाली असलेले. देवघर हलवले तरी इतका गोंधळ होत नाही. लोकांनी ओरडा केला तेव्हा २०१३ मध्ये बटण परत आले, आणि पुरा मेनू यायला २०१५ उजाडले. लिनक्सवाल्यांकडेही हेच. २०११ मध्ये 'नोम' या डेस्कटॉपने सगळी मांडणी बदलली, तेव्हा अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने जुना डेस्कटॉप उचलला आणि 'माते' या नावाने पुढे चालू ठेवला. माते हे तिकडच्या चहासारख्या पेयाचे नाव आहे. आपले मन मात्र उगीचच हात जोडते.

आमच्या बँकेने हा सगळा प्रश्न एका फटक्यात सोडवला. सगळ्या शाखांचे पडदे हेड ऑफिसमधून एकसारखे केले. वॉलपेपर म्हणजे बँकेचे बोधचिन्ह आणि खाली 'पासवर्ड कोणालाही सांगू नका'. बदलायला जावे तर उत्तर येते, ही सुविधा तुमच्या संस्थेच्या अखत्यारीत आहे. आम्ही हार मानली नाही. महाराजांना मॉनिटरच्या चौकटीवर चिकटवले, आणि दसऱ्याला झेंडूची माळ तर हेड ऑफिसला काढताच येत नाही.

पण आमचे हेड कॅशियर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांचे एवढ्यावर भागेना. अण्णांना वीस वर्षांचा मधुमेह. साखर डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोचलेली. पांढऱ्या पडद्यावरची बारीक काळी अक्षरे त्यांना विरघळल्यासारखी दिसत. एका दुपारी त्यांनी तीन हजारांचे आठ हजार वाचले आणि दिले. कॅश कमी आली की ती कोण भरतो हे बँकेतल्या माणसाला विचारू नका. पाच हजार रुपये अण्णांनी खिशातून भरले, आणि घरी सांगितले की एकाला उसने दिले. काळ्या पडद्यावर मोठी पिवळी अक्षरे करायची सोय विंडोजमध्ये १९९५ पासून आहे, दोन टिचक्यांचे काम. चावी तेवढी दीडशे किलोमीटरवर.

अण्णांनी अर्ज केला. उत्तर आले की एकसारखेपणा हे धोरण आहे. मग मॅनेजरसाहेबांनी स्वतः पत्र लिहिले ('प्रस्तुत' की 'सदर' यावर त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत), डॉक्टरांचा दाखला जोडला. चार महिन्यांनी मंजुरी आली : खास बाब म्हणून, सहा महिन्यांसाठी, फेरतपासणीच्या अटीवर. इंजिनिअर आला, पडदा काळा झाला, आकडे बोटाएवढे पिवळे झाले. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढला, पुसला, आणि पहिला आकडा मोठ्याने वाचला. बरोबर वाचला.

पुढच्या महिन्यात आमच्या चौदा जणांच्या शाखेत नऊ जणांचे डोळे बिघडले. एका भगिनीला तर फक्त मोरपंखी रंगच दिसतो असा दाखला मिळाला. हेड ऑफिसने आता शाखेतील नेत्रविकारांची माहिती विहित नमुन्यात मागवली आहे. नमुना भरायचे काम माझ्याकडे आलेय. त्यातली अक्षरे फार बारीक आहेत. वाचून दाखवायला मी अण्णांना बोलावले, त्यांनी तो त्यांच्या पडद्यावर उघडला, आणि आम्ही दोघे सध्या रकाना क्रमांक तीनवर आहोत.