सुई फिरती झाली
‘गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही,’ असं डॉक्टर म्हणाले की जीव भांड्यात पडतो. पण थायरॉइडची साधी गाठही वाढते, घास गिळताना जाणवते, आरशात दिसते. अशा मोठ्या गाठीवर खात्रीचा उपाय म्हणजे शस्त्रक्रियाच, हे फार काळ ठरलेलं होतं. बर्नच्या थिओडोर कोखर यांनी ती शस्त्रक्रिया सुरक्षित केली आणि १९०९चं नोबेल मिळवलं. मला त्यांचं दुसरं काम अधिक मोलाचं वाटतं. आपण ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली, ते रुग्ण पुढे सुजतात, मंदावतात, हे त्यांनी १८८३मध्ये जाहीरपणे मांडलं. ग्रंथी राखली पाहिजे, हा धडा तेव्हापासूनचा.

गाठ न कापता उष्णतेने मारायची, या उपायाचं घराणं वेगळं. फ्रान्सच्या आर्सेन दार्सोनव्हाल यांनी १८९१च्या सुमारास दाखवलं की, विजेची दिशा पुरेशा वेगाने बदलत राहिली तर स्नायूंना झटका बसत नाही, अंग फक्त तापतं. १९२६मध्ये बॉस्टनला हार्वी कुशिंग यांनी बोव्ही यांचं अशा विजेवर चालणारं यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरलं. १९९०नंतर हीच वीज सुईवाटे यकृतातल्या गाठींपर्यंत पोहोचली. थायरॉइडच्या गाठीत २०००च्या सुमारास इटलीत लेसरचा तंतू घातला गेला. २००६मध्ये कोरियन डॉक्टरांनी थायरॉइडसाठी याच विजेच्या, म्हणजे रेडिओलहरींच्या, सुईचा पहिला अनुभव प्रसिद्ध केला.

पण यकृताची रीत गळ्यात चालेना. यकृतात सुई एका जागी रोवून भोवतालचा गोळा भाजतात, थोड्या निरोगी पेशी जळाल्या तरी चालतं. थायरॉइडच्या गाठीला मात्र श्वासनलिका, अन्ननलिका आणि आवाजाची नस अगदी खेटून असते. सोलचे रेडिओलॉजिस्ट बेक जंग-ह्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून सुईच फिरती ठेवली. या तंत्राचा खरा जन्म मी इथे मानते.

रुग्ण जागाच असतो, मानेची कातडी आणि ग्रंथीभोवतालचा भाग तेवढा बधिर करतात. ग्रंथीच्या दोन पाळ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्ट्यातून सुई आत जाते. त्यामुळे ती सोनोग्राफीच्या पडद्यावर आडवी, पूर्ण दिसते आणि रुग्णाने आवंढा गिळला तरी जागची सहसा हलत नाही. सर्वांत खोल कोपऱ्यापासून सुरुवात. टोकाशी पांढरे बुडबुडे उमटले, म्हणजे तेवढा कण भाजला, की सुई जराशी मागे, मग गाठीचा पुढचा कण. टोक जळून काळं पडू नये म्हणून सुईच्या आतून थंड पाणी खेळतं. मधूनमधून डॉक्टर रुग्णाला बोलतं करतात, आवाज बदलला की थांबतात. मेलेल्या पेशी शरीर हळूहळू शोषून घेतं. वर्षभरात बहुतेक गाठी निम्म्याहून लहान होतात.

नसेजवळ भीतीने सोडलेली कड मात्र पुढे पुन्हा वाढू शकते. म्हणून आता गाठ आणि नस यांच्यामध्ये थंड डेक्स्ट्रोजचं पाणी सोडून अंतर पाडतात. सलाइन नको, कारण मिठाच्या पाण्यातून वीज वाहते.