चाकांवरचे घर आणि चूल

बैलगाडीतून जत्रेला किंवा दूरच्या गावी निघालेले कुटुंब दुपारी ओढ्याकाठी थांबे, तीन दगड मांडी आणि त्यावर भाकरी भाजून घेई. गाडीत बिछाना असे, धान्याची गाठोडी असत, लेकरे असत. परंतु विस्तव गाडीत कधी पेटत नसे. गाडी आणि चूल यांत दहा पावलांचे अंतर ठेवावे, हे शहाणपण कुणा पुस्तकातून आलेले नव्हते. सुके गवत आणि लाकूड जेथे आहे तेथे आग नको, इतका तो साधा विचार होता. मनुष्याने चाकांवर घर बांधले आणि त्या घरातच चूल मांडली, तेव्हा हे अंतर नाहीसे झाले. त्याची भरपाई कशी करावी लागली, याचा इतिहास उद्बोधक आहे.

केवळ हौसेच्या प्रवासासाठी बांधलेल्या चाकांवरच्या घराचा आरंभ १८८५ साली इंग्लंडात झाला, असे सामान्यतः मानतात. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचा निवृत्त आरमारी शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारा लेखक होता. त्याने ब्रिस्टल येथील कारखान्यातून ‘वॉन्डरर’ नावाची सुमारे दोन टन वजनाची गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून तो स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत गेला. त्या तेराशे मैलांच्या प्रवासाचे वर्णन त्याने पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. या गाडीत स्वयंपाक होई तो तेलाच्या चुलीवर. पुढे १८९२ च्या सुमारास स्वीडनमधील लिंडक्विस्ट याने दाबाने पेटणारा, काजळी न धरणारा प्रायमस स्टोव्ह बनविला. तोच स्टोव्ह आपल्याकडच्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या फरफरत राहिला. परंतु पंप मारणे, पिन घालणे आणि सांडलेल्या रॉकेलचा वास या गोष्टी चार हातांच्या बंद खोलीत त्रासदायकच होत्या.

या अडचणीवरचा उपाय एका निराळ्याच शोधातून निघाला. १९१० साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे सरकारी खाण खात्यातील रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांच्याकडे पेट्रोलविषयीची एक तक्रार आली. गाडीच्या टाकीत भरलेले पेट्रोल न वापरताच उडून जाते, अशी ती तक्रार होती. स्नेलिंग यांनी काचेच्या भांड्यात नमुना घेतला, तेव्हा आतल्या वाफेच्या जोराने बूच पुनःपुन्हा उडू लागले. पेट्रोलमध्ये विरघळलेले काही वायू बाहेर पडत होते. त्यांतील प्रमुख वायू प्रोपेन. याची ओळख शास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकातच झाली होती. पण त्याचा उपयोग कोणास सुचला नव्हता. स्नेलिंग यांनी तो वेगळा केला, दाबाखाली त्याचा द्रव केला आणि पोलादी नळकांड्यात साठविण्याची रीत बसविली. १९१२ साली पेन्सिल्व्हेनियातील एका शेतघरात हा वायू दिव्यासाठी व चुलीसाठी वापरला गेला. १९१३ च्या मार्च महिन्यात स्नेलिंग यांना पेटंट मिळाले, आणि ते पुढे तेलव्यवसायातील फ्रँक फिलिप्स यांनी पन्नास हजार डॉलरांस विकत घेतले.

या वायूचा गुण असा की तो थोड्या जागेत पुष्कळ मावतो. द्रवरूप प्रोपेनचा एक भाग मोकळा सोडला की त्याचे सुमारे दोनशे सत्तर भाग वायू होतो. शून्याखाली बेचाळीस अंशांवर तो उकळतो. म्हणून हिमप्रदेशातही चूल पेटते. त्याचाच सोबती ब्यूटेन मात्र शून्य अंशाच्या आसपास थंड पडून राहतो. घराला नळाने वायू पुरवायचा तर गावभर नळ खणावे लागतात. येथे तर कारखानाच जणू पाठीवर घेऊन हिंडता येते.

परंतु ज्या गुणांमुळे तो उपयोगी, त्याच गुणांमुळे तो घातकही आहे. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. गळती झाली तर तो छपराकडे न जाता पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि खळग्यात साचून राहतो. हवेत शेकडा दोन भागांहून थोडा अधिक झाला की एखादी ठिणगी त्याला पुरते. शुद्ध स्थितीत त्याला रंग नाही आणि ओळखू यावा असा वासही नाही. ‘ग्राफ झेपेलिन’ हे जर्मन हवाई जहाज १९२८ सालापासून इंधन म्हणून वायूच जाळीत होते. तरी त्याच्या भटारखान्यात ज्योत नव्हती, तेथे विजेवर अन्न शिजे. धोका ओळखणाऱ्यांनी अंतर राखले होते ते असे.

ज्यांनी ते राखले नाही, त्यांची गोष्ट टेक्सासमधील न्यू लंडन या गावची आहे. तेलाच्या उत्पन्नावर ते गाव संपन्न झाले होते, आणि तेथील शाळेची इमारत भव्य होती. खर्चात बचत व्हावी म्हणून शाळेने ठरलेला पुरवठा बंद केला आणि तेलविहिरींच्या कारखान्यातील टाकाऊ वायूच्या नळाला जोड घेतली. हा प्रोपेन नव्हे, जमिनीतून निघणारा नैसर्गिक वायू होता. परंतु यालाही वास नव्हता. गळणारा वायू इमारतीच्या तळाशी असलेल्या पोकळीत साचत गेला. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी शाळा सुटायला थोडाच अवकाश असता हस्तव्यवसायाच्या वर्गात शिक्षकांनी लाकूड घासण्याच्या यंत्राचे बटण दाबले. ठिणगी उडाली आणि इमारत उचलली जाऊन कोसळली. सुमारे तीनशे जीव गेले. त्यांत बहुतेक मुलेच होती. ढिगाऱ्यात एक फळा सापडला. तेल आणि वायू हे या प्रदेशाला लाभलेले मोठे वरदान आहे, अशा अर्थाचे वाक्य त्यावर लिहिलेले होते, असे सांगतात.

वर्गात बसलेल्या एकाही मुलाला मृत्यूची चाहूल लागली नाही, कारण त्याला वासच नव्हता. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासमध्ये वायूला दुर्गंध देण्याचा कायदा झाला, आणि ती रीत पुढे सर्वत्र पसरली. आज सिलिंडर किंचित गळताच स्वयंपाकघरात जो सडका वास येतो, तो एथिल मर्कॅप्टन नामक गंधकयुक्त द्रव्याचा असतो व मुद्दाम मिसळलेला असतो. गृहिणी नाक मुरडते आणि खिडकी उघडते. त्या क्षणी न्यू लंडनची मुलेच जणू तिला सावध करीत असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर चाकांवरच्या घरांना नवे दिवस आले. १९५० साली जर्मनीत फोक्सवॅगनची पेटीसारखी मोटार निघाली, आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कारखान्याने तीत बसविण्याचे बिछाना-कपाटाचे सामान तयार केले. ते पाहून अनेकांनी जुन्या मालमोटारी विकत घेतल्या आणि स्वतःच्या हातांनी त्यांची घरे बनविली. लाकूडकाम चुकले तर फळी वाकडी बसते. वायूची जोडणी चुकली तर घर उरत नाही. म्हणून या जोडणीचे नियम हळूहळू काटेकोर झाले.

सिलिंडर ठेवायचे ते खोलीत नव्हे, तर खोलीपासून पूर्ण बंद केलेल्या आणि फक्त बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात. त्या कप्प्याच्या तळाला भोक हवे, म्हणजे जड वायू खाली रस्त्यावर निघून जाईल. सिलिंडर उभाच बांधायचा आणि पाच भागांपैकी चारच भाग भरायचा; कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. आतला दाब उन्हाळ्यात हवेच्या दाबाच्या दहापट होतो. रेग्युलेटर तो इतका उतरवितो, की अकरा इंच उंच पाण्याच्या स्तंभाने जेवढा दाब पडावा तेवढाच चुलीपर्यंत पोहोचतो. नळी गाडीच्या पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे बसवायचे आणि ती जागोजागी आवळायची, कारण रस्त्यावरचे हादरे रात्रंदिवस तिला कापीत असतात. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे; काडी ओढून कधीच नाही. ज्योत विझताच वायू बंद करणारी झडप, जमिनीलगत बसविलेला वायूसूचक आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र, ही आजच्या गाडीची आवश्यक अंगे आहेत. चूल ऊब मिळविण्यासाठी पेटवून दारे लावून झोपू नये, हाही नियमच आहे. कारण कोंडलेल्या जागेत अर्धवट जळलेला वायू झोपलेल्या माणसाला जागे होऊ देत नाही.

आपल्या देशात हा वायू घरगुती चुलीसाठी १९५५ साली मुंबईत बर्मा-शेल कंपनीने आणला. १९६५ साली कोलकात्यात इंडेनची पहिली जोडणी झाली, आणि नंतर तो खेड्यापाड्यांत पोहोचला. आता इकडेही हौशी माणसे मोटारीत घर थाटून हिमालयाकडे, कोकणाकडे निघतात. ओट्याखालचा सिलिंडर उचलून गाडीत ठेवला की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. स्वयंपाकघराला खिडक्या असतात, ते हलत नाही आणि आत कोणी दार लावून निजत नाही, हा भेद त्यांच्या ध्यानात येत नाही.

या साऱ्या नियमांचे तात्पर्य एकच निघते. बाहेर उघडणारा तो कप्पा आणि तळाचे ते भोक म्हणजे बैलगाडी व तीन दगड यांमधली दहा पावलेच होत. ओढ्याकाठच्या माणसाने ती चालून राखली. आजच्या माणसाला ती पत्र्याने, झडपेने आणि दक्षतेने राखावी लागतात.