टपावरचा पुरावा

गाडीवर डाग दिसला की आपला हात आधी फडक्याकडे जातो. डाग निघाला तर विषय संपला. नाही निघाला तर वरच्या मजल्यावर कुंड्या ठेवणाऱ्या वहिनींना मनातल्या मनात चार शब्द सुनावले जातात. डोंबिवलीच्या एमआयडीसी भागातला माणूस मात्र आधी वारा कुठून येतोय ते बघतो. ही सवय त्याला हौसेनं लागलेली नाही.

जानेवारी 2014 मध्ये तिथे अवकाळी पाऊस पडला आणि तो हिरवा होता. रस्त्यावर, अंगणात, झाडांच्या पानांवर आणि उभ्या गाड्यांच्या टपांवर हिरवे थेंब होते. ढगातून हिरवं पाणी पडत नाही हे शाळकरी पोरालाही कळतं. संशय गेला तो रंगाच्या भुकटीवर. पुढे फेब्रुवारी 2020 मध्ये त्याच औद्योगिक भागातला एक रस्ता गुलाबी झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः पाहायला आले. गाव एकच, सहा वर्षांत रंग तेवढा बदलला.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झालं, आणि त्याच सुमारास ठाण्याची वागळे इस्टेट उभी राहिली. पाठोपाठ साठच्याच दशकात डोंबिवलीचा नंबर लागला. कापड रंगवणारे, रंगद्रव्यं आणि रसायनं बनवणारे कारखाने आले, आणि त्यांना खेटून राहत्या घरांचा निवासी विभागही वाढला. नोकरदारांना हक्काचं घर मिळालं, कारखानदारांना कामगार मिळाले. मधल्या हवेचं काय, हे कुणी विचारलं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये देशभरातली औद्योगिक क्षेत्रं मोजली तेव्हा शंभरपैकी 70 च्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित, असं ठरवलं होतं. डोंबिवलीला 78.41 मिळाले. एरवी एवढ्या गुणांना पेढे वाटतात!

डागावरून हवेचा माग काढायची विद्या मात्र जुनी, मोटारगाडीच्याही आधीची. इंग्लंडातल्या मँचेस्टरमध्ये रॉबर्ट अँगस स्मिथ नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं 1852 मध्ये लिहून ठेवलं, की शहराच्या पावसात आम्ल आहे. त्यानं रंगवलेल्या कापडाचे रंग उडतात आणि धातू गंजतात. पुढे ब्रिटनमध्ये 1863 चा अल्कली कायदा झाला आणि स्मिथ त्याखालचे पहिले निरीक्षक झाले. म्हणजे कापडावरच्या डागांकडे नीट पाहणारा माणूस थेट कारखान्याच्या दारापर्यंत पोचला.

आपण तसं पाहतो का? ठाणे-कल्याण पट्ट्यात डागांचे प्रकार पुष्कळ आहेत, आणि सगळे कारखान्यातून येत नाहीत. रेल्वे ठाण्याला आली 16 एप्रिल 1853 रोजी, कल्याणला 1 मे 1854 रोजी. तेव्हा इंजिनाची काजळी वाळत घातलेल्या धोतरांवर बसायची. आता रुळ, चाकं आणि ब्रेक यांच्या घर्षणातून लोखंडाचे बारीक कण उडतात. रुळांलगत उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीवर ते रुततात, गंजतात आणि नारिंगी टिपके दिसू लागतात. हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून हळूच फिरवा, रवाळ लागेल. इमारतीखालच्या पार्किंगमधले पांढरे कडक ओघळ म्हणजे स्लॅबमधून झिरपलेल्या पाण्याबरोबर आलेला चुना. त्याबद्दल प्रदूषण मंडळाकडे जाऊ नका, सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठा.

सगळ्यात फसवे ते पिवळट-हिरवट ठिपके. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी 1981 मध्ये आरोप केला, की आग्नेय आशियात सोव्हिएत गटाकडून विषारी 'पिवळा पाऊस' पाडला जातो. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन यांनी ठिपके तपासले तर त्यात फुलांचे पराग निघाले. ती मधमाश्यांची विष्ठा होती! 1984 मध्ये थायलंडमध्ये फिरताना ते आणि त्यांचे सहकारी स्वतःच असल्या सरीत सापडले. कोलकात्याजवळच्या संग्रामपूर गावात 2002 मध्ये हिरवट-पिवळा पाऊस पडला, तेव्हा रासायनिक हल्ल्याची बोंब उठली. तिथेही शेवटी मधमाश्याच निघाल्या. ठाण्यातल्या उंच इमारतींच्या सज्ज्याखालीही आग्या मोहोळं लटकतात, हे ध्यानात असू द्यावं.

म्हणून डोंबिवलीकरांना खुळ्यात काढायचं का? मुळीच नाही. त्यांचा संशय अनुभवातून आलेला आहे. अडचण वेगळीच आहे. संशयाचा पुरावा करायचा तर नमुना लागतो, आणि नमुना आपण सकाळी सातलाच पुसून टाकलेला असतो. 1981 च्या हवा प्रदूषण कायद्यात नमुना घेण्याची रीत सांगितली आहे. अधिकाऱ्यानं कारखानदाराला नोटीस द्यायची, चिमणीतला नमुना घ्यायचा, डबा मोहोरबंद करायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. ही रीत पाळली नाही तर तो अहवाल न्यायालयात ग्राह्य धरला जात नाही. त्या कलमात चिमणी आहे, धुरांडं आहे; तुमच्या गाडीचा टप नाही. रात्री काही सुटलं आणि अधिकारी दुपारी आले, तर चिमणी तोवर सोवळी झालेली असते.

तरीही टपावरचा डाग निरुपयोगी नाही. तो न्यायालयात चालणार नाही, पण कोणत्या दिशेला आणि काय शोधायचं ते सांगू शकतो. हिरव्या पावसासारख्या प्रसंगी पहिला प्रश्न असा, की रंग थेंबातच होता, की आधी बसलेली कोरडी भुकटी पाण्यानं भिजून रंगली? कोरडी भुकटी धुळीसारखी नजरेआड राहते, भिजली की अंगात येते. उत्तर मिळवायला यंत्र लागत नाही. पाऊस सुरू होताच एक स्वच्छ पांढरी बशी गच्चीत उघड्यावर ठेवायची. बशीतलं पाणी स्वच्छ आणि गाडीवरचं रंगीत असेल तर भुकटी आधीच येऊन बसली होती. मग आदल्या रात्रीचा वारा आठवायचा. बशीतही रंग उतरला, तर पाऊस पडताना ती हवेतच होती.

बाकीचं काम पाच मिनिटांचं. डागाशेजारी नाणं ठेवून फोटो, वेळ, वाऱ्याची दिशा आणि अशाच डागांच्या आणखी चार गाड्या कुठे उभ्या आहेत याची नोंद. पांढऱ्या टिपकागदानं एक थेंब टिपून झाकणाच्या बाटलीत ठेवायचा, वर तारीख घालायची. मंडळाकडे तक्रार त्याच दिवशी, लेखी करायची आणि पोच घ्यायची. मग खुशाल फडका मारा.