नाटक उभे कशाने राहते?

आपल्याकडे नाटक 'उभे राहते' नाहीतर 'पडते'. लिहून झाले म्हणजे ते उभे राहिले असे कोणी म्हणत नाही. मग ते उभे राहते कशाने? आम्हा शिराळ्याकडच्या माणसांना याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केले. त्यातली पदे लिहिलेली होती, ती सूत्रधार गाई. भाषणे मात्र नट आयत्या वेळी करीत. म्हणजे लिहिणाऱ्याने नटासाठी जागा मोकळी सोडली होती.

शिराळ्याला लागून वाळवा तालुका. तिथल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (1920-1969) शाळेत फारसे गेले नाहीत. पण तमाशाचा फड त्यांनी जवळून पाहिला होता. 1944 मध्ये बार्शीचे अमर शेख, म्हणजेच मेहबूब हुसेन पटेल, आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अण्णाभाऊंनी गणेशवंदना आणि गौळण वगळली. सोंगाड्या ठेवला, सवाल-जवाब ठेवले. 'शेटजींचे इलेक्शन' कळायला मजुराला पडदा लागला नाही की नेपथ्य. पुढे सरकारने या कलापथकावर बंदी घातली. नुसत्या कागदाची एवढी धास्ती कोण घेतो?

आता आमच्या लिहिण्याकडे पाहू. आमच्या गावांतले अत्तार, मुलाणी, शिकलगार घरात दखनी बोलतात आणि चावडीवर अस्सल गावरान मराठी. रंगमंचावर मात्र मुसलमान आला की तो बहुधा 'हम करेगा' म्हणत हशा मिळवून जातो. त्याचा राग येऊन आम्ही नाटक लिहायला बसतो, आणि आमची पात्रे व्याख्यान देऊ लागतात. हेतू चांगला, विषय तलाक-हुंड्याचा, तळमळ खरी. तरीही नटाच्या तोंडात वाक्य बसत नाही. लेखकाने सगळे स्वतःच बोलून टाकलेले असते, म्हणून प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. असे नाटक छापले जाते, वाचलेही जाते, पण उभे राहत नाही. आणि आमची माणसे रंगमंचावर दुसऱ्यांच्याच भाषेत बोलत राहतात.

तेव्हा लिहिलेले नाटक छापखान्यात देण्याआधी ओसरीवर बसून मोठ्याने वाचावे. घरातल्या बायका ऐकतीलच. ज्या वाक्याला आतून कोणी उलट जवाब देईल, ते वाक्य राखावे. बाकीचे खुशाल खोडावे.