मातीत काय घातलं होतं?

चूल आवरून, जनावरांना वैरण टाकून बसला असाल, तर जरा ऐका.

आज मी माझ्या एका चुकीपासून सुरुवात करते. आमचं जुनं घर माण तालुक्यातलं, दगडमातीचं, वर धाबं. भिंतींना आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर दिवाळीआधी मातीचा गिलावा करायच्या. त्या गेल्यावर आम्ही म्हटलं, आता ही कटकट नको. एका ओळखीच्या गवंड्याकडून मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून घेतला. पहिलं वर्ष भिंत आरशासारखी दिसली. दुसऱ्या पावसाळ्यात फुगली, आणि तिसऱ्या वर्षी पापुद्रा सुटावा तसा गिलावा खाली आला. मागची माती ओलीगच्च होती. तेव्हा वाटलं, पुन्हा मातीच लावू. पण आत्याबाई त्या मातीत नेमकं काय आणि किती घालायच्या, ते मला ठाऊकच नव्हतं. दहा वर्षं त्यांच्या हाताखाली मी घमेली उचलली, पण विचारलं कधी नाही.

तिथून मी शोधत गेले. आपल्या आज्या-पणज्यांनी टाकाऊ वस्तू घालून माती आणि चुना कसा पक्का केला, त्याची ही गोष्ट आहे.

आधी माती. नुसत्या मातीत पाणी घातलं की ती फुगते आणि वाळताना आक्रसते. आक्रसली की तडा जातो. काळी माती तर जास्तच. म्हणून मातीच्या गाऱ्यात गव्हाचं काड, भुस्कट, भाताचं तूस घालायचं. हे तंतू माती धरून ठेवतात. मग एक मोठा तडा जाण्याऐवजी केसासारख्या बारीक रेघा पडतात, आणि त्या शेणाच्या हातानं मिटतात. शेणातही गुरांनी चघळलेले बारीक तंतू असतात आणि चिकटपणा असतो. त्यामुळे सारवलेल्या जमिनीची धूळ उडत नाही.

हे काही आपल्याच गावापुरतं नव्हतं. इजिप्त देशात हजारो वर्षांपूर्वी विटांच्या मातीत काड घालत. आपल्या वेरूळच्या लेण्यांमधल्या हजार वर्षांहून जुन्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत. त्यांच्यामुळे तो गिलावा किडींपासून वाचला, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांत मात्र जागेप्रमाणे रीत बदलायची. पाटण-जावळीकडे धो धो पाऊस, तिथे उतरतं छप्पर आणि कौलं. माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा, तिथे धाब्याची घरं. धाब्यावर घालायची ती पांढरी माती. जुन्या गावठाणाच्या जागी पिढ्यान् पिढ्या राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती साठून ती झालेली असते. म्हणजे गावाचाच जुना कचरा पुन्हा गावाच्या डोक्यावर छप्पर होऊन बसायचा! कुंभारही भांड्याच्या मातीत लीद आणि राख मिसळायचे, ती काही उगीच नव्हे.

आता चुना. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या वासोटा किल्ल्यावर कुणी गेलं असाल, तर दगडी चर असलेला चुन्याचा घाणा पाहिला असेल. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची आणि वाळूबरोबर या गोल चरात टाकायची. वरून दगडी चाक जनावरानं फिरवायचं. जितका जास्त मळाल तितका चुना लोण्यासारखा होतो.

त्यात काय काय पडायचं? ठिकाणाप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, उडदाचं पीठ, तागाचे तुकडे. गुळाच्या पाण्यात चुना जास्त विरघळतो, गारा मऊ राहतो आणि कमी पाण्यात काम होतं. पाणी कमी म्हणजे तडेही कमी. पण गूळ जास्त झाला तर चुना लवकर आवळत नाही, हेही लक्षात ठेवा. यासाठी बाजारातला पिवळाधमक गूळ लागत नाही, पाझरलेला काळा गूळही चालतो. गंमत पाहा, गुऱ्हाळात रस साफ करायला चुना टाकतात, आणि चुना सुधारायला गूळ!

जिथे पाण्याशी गाठ, तिथे सुरखी. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. फुटक्या, टाकाऊ विटा कुटायच्या आणि चुन्यात घालायच्या. साधा चुना हवेनं हळूहळू घट्ट होतो. सुरखी घातलेला चुना ओलीतही घट्ट होतो, म्हणून विहिरी, हौद, बंधारे यांना तोच. रोमन लोक याच कामासाठी ज्वालामुखीची राख वापरत, आणि चीनमध्ये चुन्यात चिकट भाताची पेज घालत. देश वेगळे, पण युक्ती एकच.

वासोट्याचं नाव निघालं, तर ताई तेलिणीला कसं विसरायचं? १८०६-०७ च्या सुमारास पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेसमोर तिनं हा किल्ला कित्येक महिने लढवला. तिचं नाव इतिहासात राहिलं. पण चुना मळणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, विटा कुटणाऱ्या बायांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव इंग्रजांच्या काळात दुष्काळी कामातून उभा राहिला. अशा कामांवर बाया डोक्यावर पाट्या वाहत होत्या, आणि त्यांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी होती.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई जुन्याचंच कौतुक करते. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली आणि हजारो घरं पडली. दगडमातीच्या जाड भिंतींचं फार नुकसान झालं. मातीत काड-शेण घालून गिलावा सुधारतो, पण भिंतीच्या आतले आणि बाहेरचे दगड त्यानं एकमेकांना बांधले जात नाहीत. त्यासाठी भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड हवेत, सगळ्या भिंतींवरून फिरणारा पक्का पट्टा हवा, छप्पर हलकं हवं. मिसळण कितीही चांगलं असलं, तरी चुकीची बांधणी त्यानं झाकली जात नाही.

मग आजच्या काळात याचं काय? वसंतदादांच्या पिढीनं १९५० च्या दशकात आपल्याकडे सहकारी साखर कारखाने उभे केले. उसाची चिपाडं बॉयलरमध्ये जळतात आणि राखेचे ढीग पडतात. उसाच्या पात्याला हात लावला की कापतो ना? त्याच्या अंगात वाळूचाच जातभाई असलेला सिलिका असतो. तो राखेत उतरतो. राख नीट जळलेली आणि बारीक दळलेली असेल, तर ती चुन्याबरोबर सुरखीसारखं काम करते. विटांच्या मातीत राख घातली की वीट हलकी होते, वाळताना कमी तडकते, आणि राखेतला न जळलेला कोळसा भट्टीत विटेला आतून भाजतो. पण प्रमाण चुकलं, की तीच वीट ठिसूळ होते.

म्हणून गटात करून बघायचं असेल, तर असं करा. एकाच मातीच्या पाच छोट्या विटा थापा. पहिलीत राख नाही, दुसरीत दहा वाट्या मातीला एक वाटी, तिसरीत दोन, असं वाढवत जा. प्रत्येकीवर खूण करा. सावलीत वाळवा. तडे मोजा, पाण्यात ठेवून बघा, कंबरेइतक्या उंचीवरून टाकून बघा. आपल्या मातीचं प्रमाण आपली मातीच सांगेल. राख हाताळताना आधी पाणी शिंपडा आणि नाकातोंडाला पदर नव्हे, घट्ट कापड बांधा. तिची धूळ छातीत बसते. घराचे खांब, स्लॅब यांत मात्र आपल्या मनानं राख घालू नका. ते इंजिनिअरला विचारूनच.

आणि जुन्या मातीच्या भिंतीवर माझ्यासारखं सिमेंट मारू नका. मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट लागते. माती किंवा चुन्याचा गिलावा ती वाट ठेवतो, सिमेंट ती बंद करतं.

शेवटचं एक काम. आत्याबाईंचं प्रमाण मला शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्या काकूंकडून अर्धंमुर्धं मिळालं. त्यांनी वाटीनं सांगितलंच नाही. गारा मुठीत दाबायचा, गोळा करून जमिनीवर टाकायचा. फुटून पसरला तर भुस्कट कमी, चपटा होऊन चिकटला तर पाणी जास्त, नुसता बसला तर बरोबर. पण राख किती, ते त्यांनाही आठवेना.

तुमच्या घरात, वाड्यावस्तीवर अशी एखादी म्हातारी असेल. पुढच्या बैठकीला तिला बोलवा. बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर तिचं प्रमाण लिहा, आणि वर तिचं नाव घाला. कर्जाचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो, तसा याही ठेव्याचा ठेवू या.

पुन्हा भेटू. नमस्कार.