दोन तासांचा रिपोर्ट यायला सव्वाशे वर्षं लागली

दरवर्षी २४ मार्च जवळ आला की आरोग्य खात्याची प्रेसनोट येते. प्रभातफेरी, शपथ, मान्यवरांची नावं. मीही ती वर्षानुवर्षं छापत आलोय. पण तारीख २४ मार्चच का, हे त्यात बहुतेक वेळा नसतं. आणि त्या तारखेपासून आजच्या 'सीबीनॅट' मशीनपर्यंतचा प्रवास तर कुणी सांगतच नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, कारण त्यात आपल्या तालुक्याचा एक प्रश्न आहे.

२४ मार्च १८८२. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी जाहीर केलं की क्षयरोग एका जंतूमुळे होतो, आणि तो जंतू रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलाही. पुढे रंगवायची पद्धत सुधारत गेली. बेडका काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि लाल काड्या शोधायच्या. हीच तपासणी शंभर वर्षांहून जास्त काळ जगभर चालली. स्वस्त आहे, म्हणून तिचे उपकारही मोठे आहेत. पण तिला दोन मोठ्या मर्यादा. एक म्हणजे, एका मिलिलिटर बेडक्यात साधारण दहा हजार जंतू असल्याशिवाय ते दिसत नाहीत. लहान मुलं, एचआयव्हीबाधित, नुकताच आजार सुरू झालेले अशांचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो आणि माणूस खोकत घरी जातो. दुसरी, जंतू दिसला तरी त्याला औषध लागू पडेल की नाही, हे काचपट्टी सांगत नाही. त्यासाठी जंतू वाढवून बघायचे म्हणजे आठवडेच्या आठवडे.

या फटीत बाजार घुसला. टीबीसाठी रक्ताच्या अँटिबॉडी तपासण्या खासगी लॅबमध्ये जोरात चालल्या. भारतात वर्षाला अंदाजे १५ लाख तपासण्या होत होत्या. टीबी असताना 'नाही' आणि नसताना 'आहे' असं सांगणाऱ्या या तपासण्या. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरूच नका असं स्पष्ट सांगितलं आणि जून २०१२ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. तोपर्यंत किती गरिबांनी खिशातून पैसे भरून चुकीचं उत्तर विकत घेतलं असेल, विचार करा.

खरं उत्तर जंतूच्या डीएनएत होतं. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. डीएनएच्या एका तुकड्याच्या काही तासांत कोट्यवधी प्रती काढायची ही युक्ती. १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण पीसीआरचा गुण तोच त्याचा दोष. आधीच्या नमुन्यातला एखादा तुकडा टेबलावर किंवा हातमोज्यावर राहिला, तरी पुढच्या निरोगी माणसाचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह'. शिवाय वेगळ्या खोल्या, महागडी यंत्रं, शिकलेली माणसं लागायची. छोट्या दवाखान्यात हे कसं जमणार?

इथे तीन नावं सांगायला हवीत. पहिलं डेव्हिड अॅलंड यांचं. १९९०च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये टीबी पुन्हा उसळला होता. ब्राँक्समधल्या रुग्णांच्या जंतूंचे डीएनए ठसे जुळवून अॅलंड आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की साधारण ४० टक्के रुग्णांना लागण अलीकडेच, दुसऱ्याकडून झाली होती. औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णांत हे प्रमाण जवळपास दोन तृतीयांश. म्हणजे निदानाला जितका उशीर, तितके नवे रुग्ण.

दुसरी दोन नावं संजय त्यागी आणि फ्रेड क्रॅमर यांची. १९९६ मध्ये या दोघांनी 'मॉलिक्युलर बीकन' मांडला. सोप्या भाषेत सांगतो. केसाला लावायच्या आकड्यासारखा दुमडलेला डीएनएचा एक छोटा धागा. दुमडलेला असतो तोवर अंधार. त्याला अगदी जुळणारा क्रम सापडला की आकडा उघडतो आणि चमकतो. एका अक्षराचा फरक पडला तरी तो उघडत नाही.

रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध. त्याला जंतू दाद देत नसेल तर बिघाड बहुतेक वेळा एकाच जनुकाच्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात असतो. अॅलंड यांच्या टीमने त्या पट्ट्यावर पाच बीकन बसवले. पाचही चमकले तर टीबी आहे, औषध चालेल. एखादा विझलेला राहिला तर टीबी आहे, पण औषध बदला. एकाच तपासणीत दोन्ही उत्तरं.

हे सगळं कॅलिफोर्नियातल्या सेफिड कंपनीच्या बंद कार्ट्रिजमध्ये बसवलं गेलं. याच कंपनीची यंत्रणा २००१ च्या अँथ्रॅक्स पत्रांनंतर अमेरिकेच्या टपाल केंद्रांवर जंतू शोधायला वापरली गेली. कार्ट्रिज उघडावं लागत नाही, त्यामुळे एका नमुन्याचा अंश दुसऱ्यात जायची भीती जवळपास संपते. आत टीबीशी संबंध नसलेले, निरुपद्रवी जंतूंचे बीजाणूही टाकलेले असतात. टीबी सापडला नाही आणि तेही सापडले नाहीत, तर मशीन 'निगेटिव्ह' म्हणत नाही, तपासणीच फसली असं सांगतं. उत्तर मिळालं नाही हे कबूल करणारी तपासणी! मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

२०१० मध्ये याची मोठी परीक्षा झाली. लिमा, बाकू, केप टाउन, डर्बन आणि आपली मुंबई. एकूण १,७३० रुग्ण. काचपट्टीवर जंतू दिसलेच नव्हते अशा १७१ खऱ्या टीबी रुग्णांपैकी १२४ जण एकाच तपासणीत सापडले. टीबी नसलेल्या ६०९ पैकी ६०४ जणांना मशीनने बरोबर 'नाही' सांगितलं. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. दोन तासांत रिपोर्ट. यालाच आपण सरकारी दवाखान्यात 'सीबीनॅट' म्हणतो.

पुढचं पाऊल आपल्या शेजारच्या गोव्यात पडलं. बंगळुरूची बिगटेक आणि गोव्यातली मोलबायो, चंद्रशेखर नायर यांच्या पुढाकाराने, 'ट्रूनॅट' घेऊन आली. बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र. लोडशेडिंगच्या गावात याचा अर्थ काय, ते तुम्हाला सांगायला नको. २०२० मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. कोविडमध्ये तेच यंत्र कामाला आलं, हे तुम्ही पाहिलंच.

आता दुसरी बाजू. सीबीनॅटची ही पहिली तपासणी मेलेल्या जंतूचाही डीएनए पकडते, त्यामुळे उपचार संपत आल्यावर 'बरा झालो का' हे बघायला ती चालत नाही. ती फक्त रिफाम्पिसिनबद्दल बोलते, बाकी औषधांसाठी वेगळ्या तपासण्या लागतात. आणि आफ्रिकेतल्या चार देशांत झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने एक कडू गोष्ट दाखवली. मशीन दवाखान्यात ठेवलं, जास्त रुग्णांना त्याच दिवशी औषध सुरू झालं, तरी काही महिन्यांनी रुग्णांच्या तब्येतीत एकूण फारसा फरक दिसला नाही. कारण तिथले डॉक्टर मशीन नसतानाही लक्षणांवरून अनेकांना औषध देतच होते. मशीन दवाखान्यातली एक वस्तू आहे. तिच्या आधी आणि नंतर काय होतं, त्यावर सगळं ठरतं.

म्हणून आपला प्रश्न. मशीन आलं तेव्हा फीत कापली गेली, फोटो छापले, मीही छापले. पण कार्ट्रिज नियमित येतात का? बिघडलं तर किती दिवस बंद असतं? वाडीवरचा नमुना तालुक्याला कोण आणि कधी पोचवतं? दोन तासांचा रिपोर्ट रुग्णाच्या हातात किती दिवसांनी पडतो? मी हे प्रश्न लेखी विचारणार आहे. उत्तरं आली की इथेच टाकीन.

तोवर एवढं करा. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, ताप, वजन उतरणं असेल तर खोकल्याच्या बाटल्या बदलत बसू नका. सरकारी दवाखान्यात जा आणि "सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करा" असं स्पष्ट म्हणा. तिथे ती मोफत आहे. कुणी टाळाटाळ केली, नमुना अडकला, तर तारखेसह मला मेसेज करा. नाव छापणार नाही.